समजा, तसे असते तर



मराठी व्याकरणात क्रियापदाचे जे चार अर्थ शाळेत शिकवले जातात, त्यांत संकेतार्थ हा सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल. स्वार्थातून घडलेले कळते, आज्ञार्थातून हुकूम किंवा विनंती कळते, विध्यर्थातून कर्तव्य किंवा इच्छा कळते. परंतु ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ या संकेतार्थी वाक्यात पाऊसही नसतो आणि पीकही नसते, आणि तरीही पाऊस व पीक यांच्यातील नाते त्या वाक्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही वाक्यातून कळत नाही. न घडलेल्या दोन गोष्टींमधले खरे नाते दाखवणाऱ्या या ‘जर-तर’ला प्रश्नाचे रूप दिले, की तयार होतो तो काल्पनिक प्रश्न, आणि प्राचीन ग्रीसमधील तत्त्वचिंतकांनी, विशेषतः प्लेटोने आपल्या संवादांत, या प्रश्नाचा जो उपयोग करून घेतला, तो आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रारंभीच एक भेद करून ठेवणे आवश्यक आहे. ‘जर’ दोन प्रकारचा असतो: एक हळहळीचा आणि एक शोधाचा. कल्याणजवळच्या आंबिवली-मोहने परिसरातील श्रोत्यांना पहिला प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही, कारण एनआरसी कंपनीचे उत्पादन २००९ साली थांबल्यापासून ‘कंपनी बंद पडली नसती तर’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य इथल्या कोणत्याही कामगार कुटुंबाला परके वाटणार नाही. ते वाक्य खोटे नाही, क्षुल्लकही नाही. परंतु ते मागे पाहते, आणि त्याला उत्तर नको असते, सोबत हवी असते. शोधाचा ‘जर’ याहून वेगळा. तो समोरच्या माणसाला उद्देशून उच्चारला जातो, त्याला उत्तर हवे असते, आणि दिलेल्या उत्तराला बांधून राहण्याची अपेक्षाही त्याच्यात असते. म्हणूनच काल्पनिक प्रश्नाचा विचार करताना प्रश्न विचारणारा कितीही चतुर असला, तरी खरा विचार व्हावा लागतो तो उत्तर देणाऱ्याचा. तो कोण आहे? तो मोकळा आहे का? त्याला ‘नाही’ म्हणता येते का? प्रस्तुत व्याख्यानाचे म्हणणे एवढ्या तीन प्रश्नांत सामावलेले आहे.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल, कारण काल्पनिक प्रश्नाची दोन रूपे त्या एकाच संवादात शेजारीशेजारी आढळतात. मेनो हा थेसलीहून अथेन्सला आलेला श्रीमंत तरुण सॉक्रेटिसाला विचारतो, की सद्गुण शिकवता येतो का. सॉक्रेटिस म्हणतो, सद्गुण म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग तो शिकवता येतो की नाही हे कसे सांगावे? पुढे मेनोच्या सर्व व्याख्या एकामागून एक कोसळतात, आणि तो वैतागून सॉक्रेटिसाची तुलना अंगाला लागताच बधिर करून टाकणाऱ्या माशाशी करतो. या अवस्थेला ग्रीक भाषेत ‘आपोरिया’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘वाट नसणे’. जे आपण जाणतो असे वाटत होते ते आपण जाणत नाही, हे कळल्यानंतरची ती कोंडी.

मग सॉक्रेटिस मेनोच्या लवाजम्यातील एका गुलाम मुलाला बोलावून घेतो, जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि विचारतो, की याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यावी लागेल. मुलगा तत्काळ सांगतो, दुप्पट, म्हणजे चार. समजा, चार घेतली, तर क्षेत्रफळ किती होईल? आकृती पूर्ण केल्यावर मुलाला दिसते, की सोळा झाले. हवे होते आठ. मग तीन? तीन घेतली तर नऊ होतात. इथे मुलगा प्रामाणिकपणे म्हणतो, की ठाऊक नाही. त्यानंतर सॉक्रेटिस कर्ण काढतो, आणि कर्णावर उभारलेला चौरस बरोबर आठचा होतो हे मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मान्य करतो. या दृश्यातील ‘समजा’ काय करतो? चुकीचे उत्तर फेटाळण्याचे काम तो सॉक्रेटिसाकडे ठेवत नाही. चूक खरी मानून चालून पाहण्याचे काम तो मुलाकडेच सोपवतो, आणि चूक स्वतःच्या पायांनी चालत भिंतीपर्यंत जाते. उत्तर देणारा स्वतःच्या उत्तराचा साक्षीदार बनतो. परीक्षणाच्या या रीतीला ग्रीक नाव आहे ‘एलेंखोस’, म्हणजे उलटतपासणी. आणि वर्गात उत्तर चुकले, की फळ्यावर लगेच बरोबर उत्तर लिहून देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे दृश्य वारंवार वाचावे, इतके ते मोलाचे आहे.

त्याच संवादात पुढे दुसरे रूप येते. मूळ प्रश्न अडलेला असताना सॉक्रेटिस भूमितिकारांची पद्धत वापरण्याची परवानगी मागतो, आणि त्या पद्धतीचे नाव ‘हुपोथेसिस’. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे; तेव्हा हुपोथेसिस म्हणजे पायाखाली ठेवलेले विधान, ज्यावर उभे राहून पुढचे पाहता येते. मराठीत आपण ‘गृहीत धरणे’ म्हणतो, त्यात पकडण्याची प्रतिमा आहे. ग्रीक शब्दात पाया घालण्याची आहे, आणि पाया कच्चा निघाला तर वरचे सगळे उतरवावे लागणार, ही जाणीवही त्याच प्रतिमेत आली. सद्गुण हे एक ज्ञान असेल तर तो शिकवता येईल. शिकवता येत असेल तर त्याचे शिक्षक असतील. मग ते शिक्षक कुठे आहेत? थेमिस्टोक्लीस आणि पेरिक्लीस यांच्यासारख्या थोर अथेन्सवासीयांना आपला सद्गुण आपल्या मुलांना देता आला नाही, असे सॉक्रेटिस दाखवू लागतो, तेव्हा तिथे आलेला अनिटस नावाचा नागरिक संतापतो आणि तोंड सांभाळून बोलण्याची ताकीद देतो. हाच अनिटस पुढे इसवी सनपूर्व ३९९ मधील खटल्यात सॉक्रेटिसाच्या तीन फिर्यादींपैकी एक होता. शोधाचा ‘जर’ निरुपद्रवी नसतो, हे प्लेटोला आपल्या वाचकांना सांगावे लागले नाही. अनिटसचे नाव पुरेसे होते.

काल्पनिक प्रश्न नेहमी सॉक्रेटिसच विचारतो, असा समज मात्र चुकीचा ठरेल. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या पुस्तकात तो विचारणारा ग्लॉकॉन आहे, आणि उत्तर देण्याची पाळी सॉक्रेटिसावर येते. लिडिया देशातील गायजीसच्या एका पूर्वजाला बोटात फिरवताच माणूस अदृश्य करणारी अंगठी सापडल्याची कथा सांगून ग्लॉकॉन विचारतो, की अशा दोन अंगठ्या असत्या, एक न्यायी माणसाच्या बोटात आणि एक अन्यायी माणसाच्या, तर दोघांच्या वागण्यात काही फरक उरला असता का? पकडले जाण्याची भीती वजा केल्यावर न्यायाचे काय शिल्लक राहते? या एका प्रश्नाला उत्तर देण्यासाठी सॉक्रेटिसाला उरलेली सगळी पुस्तके खर्चावी लागतात. ‘क्रिटो’त तर याहून नाजूक गोष्ट घडते. मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या सॉक्रेटिसाने तुरुंगातून पळून जावे, असा आग्रह त्याचा जुना मित्र क्रिटो करतो, तेव्हा सॉक्रेटिस म्हणतो, समजा, आपण निघालो आणि वाटेत अथेन्सचे कायदे समोर येऊन उभे राहिले आणि विचारू लागले, तर त्यांना काय सांगायचे? इथे प्रश्न विचारणारे काल्पनिक आहेत आणि उत्तर देणारा खराखुरा, मरणाच्या दारात बसलेला माणूस आहे. जन्मभर इतरांना ज्या जागी बसवले, त्या उत्तरकर्त्याच्या जागेवर सॉक्रेटिस या वेळी स्वतः बसतो. काल्पनिक प्रश्नाचा इतका प्रामाणिक वापर तत्त्वज्ञानाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

आणि उत्तर देणाऱ्याने नकार दिला तर? ‘गॉर्जियास’ या संवादात कॅलिक्लीस नेमके हेच करतो. बलवानाने अधिक घ्यावे हाच निसर्गाचा न्याय, असे ठासून सांगणारा हा माणूस स्वतःच्याच उत्तरांत अडकू लागल्यावर पुढे बोलायला तयार होत नाही, आणि सॉक्रेटिसाला काही काळ प्रश्नही स्वतःच विचारावे लागतात आणि उत्तरेही स्वतःच द्यावी लागतात. ती पाने वाचताना संवादाचा प्राण निघून गेल्यासारखे वाटते. युक्तिवाद तसाच पुढे चाललेला असतो, कदाचित अधिक सुरळीत चाललेला असतो, परंतु त्याला कोणी बांधलेले नसते. काल्पनिक प्रश्नाचे बळ तर्काच्या साखळीत जितके असते, तितकेच ते समोरच्याच्या संमतीत असते, हे प्लेटोनेच या नकारातून दाखवून दिले आहे.

या ठिकाणी किंचित वळण घेणे योग्य होईल. आंबिवलीहून दोन स्थानकांवर असलेले कल्याण ग्रीक भाषेला अपरिचित नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ बंदराचा उल्लेख आहे. बंदरातून माल गेला आणि आला. पण ‘समजा’च्या शास्त्राची भारतीय परंपरा वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या शाळेत घडली. न्यायशास्त्रात ‘तर्क’ या शब्दाला नेमका पारिभाषिक अर्थ आहे. डोंगरावर धूर दिसतो आणि एखादा म्हणतो, अग्नी नाही; त्याला उत्तर असे, की अग्नी नसता तर धूरही नसता. यात अग्नीचा अभाव आपण मानतो खरा, पण तो खोटा आहे हे जाणूनच मानतो. अशा, जाणूनबुजून स्वीकारलेल्या खोट्याला नैयायिकांनी ‘आहार्य’ असे नाव दिले, आणि या सूक्ष्म शब्दाला ग्रीकमध्ये तोड सापडणे कठीण आहे. ‘तर्कसंग्रहा’त अन्नंभट्ट तर्काची गणना संशय आणि विपर्यय यांच्या पंक्तीत, अयथार्थ अनुभवात करतो, कारण त्याचे पहिले पाऊल खोट्यावर पडते, तरीही प्रमाणांना साहाय्य करणारा म्हणून शास्त्राने त्याला घरातून बाहेर काढलेले नाही. खोट्यावर पाय ठेवून खऱ्याकडे जाण्याची ही परवानगी दोन्ही परंपरांनी दिली. फरक इतकाच, की नैयायिकाचा डोंगर निर्जन आहे; तिथे धूर आहे, अग्नी आहे, पण चुकत चुकत शिकणारा मुलगा नाही.

त्या मुलाकडे पुन्हा वळले पाहिजे. ग्रीक संवादांतील सर्वांत प्रसिद्ध उत्तरकर्ता हाच मुलगा आहे, आणि प्लेटोने त्याला नाव दिलेले नाही. सॉक्रेटिस मेनोला विचारतो, हा तुझ्याच घरी जन्मला आणि वाढला ना, याला कोणी भूमिती शिकवली आहे का. मेनो सांगतो, कोणी नाही. हा प्रश्न मालकाला विचारला जातो, मुलाला नव्हे. दुप्पट चौरसाची बाजू शोधून झाली, ज्ञान आत्म्यात आधीच असते हा सिद्धांत मांडून झाला, आणि मुलगा संवादातून निघून जातो. बाजू चार असती तर काय झाले असते, हे त्याला विचारले गेले. तू गुलाम नसतास तर काय झाले असते, हे त्याला कोणी विचारले नाही. मालकाच्या बुद्धीइतकीच बुद्धी गुलामात आहे, हे ज्या दृश्यात सर्वांदेखत सिद्ध झाले, त्याच दृश्यात तो प्रश्न सुचला नाही, याची खंत प्लेटोवरील अपार आदर बाळगूनही वाटल्यावाचून राहत नाही.

तो प्रश्न मराठीत विचारला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले होते. पण सॉक्रेटिसाच्या प्रश्नाचे जिवंत रूप मराठीत पाहायचे असेल, तर ते चरित्रात शोधण्यापेक्षा १८७३ साली जोतीराव फुल्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकात शोधावे. अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलेले हे पुस्तक सोळा भागांचे असून ते धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले आहे. मेनोच्या मुलाला नाव नव्हते. इथे धोंडीबाला नाव आहे, शंका आहेत, आणि पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

पहिल्याच भागातील रचना लक्षपूर्वक पाहावी. ब्रह्मदेवाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, जांघांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र जन्मले, ही कथा जोतीराव आरंभी नाकारत नाहीत. ते ती खरी मानतात आणि तिच्यावरून चालू लागतात. मुखापासून ब्राह्मण जन्मला असेल तर ब्राह्मणी कोठून जन्मली? चारही अवयवांतून प्रसव झाला असेल, तर चारही ठिकाणचा विटाळ धरून ब्रह्मदेवाला एकंदर किमान सोळा दिवस बाजूला बसावे लागले असणार, आणि तसे असेल तर त्या दिवसांत घरचे कामकाज कोणी केले? मनूच्या ग्रंथात याची नोंद आहे का? न्यायशास्त्राच्या परिभाषेत याला अनिष्टापत्ती म्हणावे: मानले की जे पुढे येते, ते मानणाऱ्यालाच नको असते. प्रश्नांची भाषा रांगडी आहे, आणि ती तशीच असणे आवश्यक होते. विटाळाचे नियम ज्या समाजाने बाईवर लादले आणि ज्या ग्रंथांनी त्यांना आधार दिला, तेच नियम त्या ग्रंथांच्या देवाला लावून पाहण्यात नुसता उपहास नाही. सर्वांना सारखा नियम लागू करण्याचा आग्रह त्यामागे आहे, आणि तोच तर्काचा पहिला धर्म होय.

मग या संवादात उत्तर कोण देतो? इथे ‘गुलामगिरी’ प्लेटोपासून वेगळी होते. ज्याची कथा तपासली जात आहे, तो माणूस या संवादात नाही. धोंडीबा त्याची उत्तरे ऐकीव रूपात घेऊन येतो. ते असे म्हणतात, त्यांच्या ग्रंथात असे आहे, किंवा याविषयी काहीच लिहिलेले नाही, असे तो सांगतो. म्हणजे धोंडीबा एकाच वेळी शिष्यही आहे आणि गैरहजर प्रतिपक्षाचा निरोप्याही आहे. एखाद्याला यात संवादाचा दोष दिसेल, आणि प्रतिपक्षाला समोर का बसवले नाही असे तो विचारील. पण बसवायचे कोठे? शूद्रातिशूद्राच्या प्रश्नाला उत्तर देणे ज्याला आपल्या प्रतिष्ठेखालचे वाटते, तो कॅलिक्लीससारखा मधूनच उठून जात नाही. तो आधीपासूनच आलेला नसतो. प्रश्न तयार, उत्तरकर्ता गैरहजर, ही एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची वस्तुस्थिती होती, आणि जोतीरावांनी ती संवादाच्या बांधणीतच उतरवली.

ही वस्तुस्थिती याहून तीव्रतेने अनुभवली ती ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, जी पुढे अपिलात कमी करण्यात आली. त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापले. त्यात संवादाची पात्रे नाहीत, पण प्रश्न आहेत, आणि त्यांतील अनेकांचे रूप एकच आहे: जागांची अदलाबदल. नवरा वारल्यावर बायकोने जे भोगायचे, ते बायको वारल्यावर नवऱ्याने का भोगू नये; त्याने दाढीमिशा उतरवून रानात जन्म का काढू नये? ग्लॉकॉनने अंगठी देऊन भीती वजा केली होती. ताराबाई फक्त जागा बदलतात आणि अधिकार वजा करतात, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही दंतकथेची गरज लागत नाही. प्रश्न सगळ्या पुरुषजातीला आहे. १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या प्रकाशनातून जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे मात्र हे पुस्तक विस्मरणात गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणले. ९३ वर्षे एक प्रश्न उत्तरावाचून पडून राहिला, याला काय म्हणावे? आपोरिया म्हणजे वाट नसणे, हे खरे. पण कधी कधी वाट असते आणि तिच्यावर पाऊल ठेवायला कोणी तयार नसते, आणि त्या अवस्थेला ग्रीकांनी शब्द दिलेला नाही.

शेवटचे उदाहरण पुन्हा जोतीरावांचे. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ पूर्ण केले, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर ते १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. हेही प्रश्नोत्तरांचे पुस्तक असून वेगवेगळी माणसे त्यात जोतीरावांना प्रश्न विचारतात. पुरुष दोन-तीन बायका करतो, तशा बाईने दोन-तीन नवऱ्यांना घरात आणून ठेवले तर पुरुषाला ते आवडेल का, हा ताराबाईंच्या कुळातील प्रश्न तिथेही आहे. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते एक काल्पनिक घर. त्या घरातील बाईने बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचून, पटले तर बौद्ध व्हावे. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे. मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे. आणि या चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता, एकाच निर्माणकर्त्याची लेकरे म्हणून प्रेमाने एका घरात नांदावे.

आतापर्यंत पाहिलेला जवळजवळ प्रत्येक ‘जर’ काहीतरी पाडण्यासाठी आला होता. मुलाची चूक, मेनोची व्याख्या, मनूची कथा, पुरुषाचा अधिकार. हा ‘जर’ काही पाडत नाही. तो हुपोथेसिसच्या मूळ अर्थाने पाया ठेवतो आणि त्यावर चौघांना राहायला बोलावतो. शिवाय त्या घरातला प्रत्येक जण वाचून, तपासून, स्वतःच्या मनाने निवडतो. म्हणजे ज्या मोकळ्या उत्तरकर्त्यावाचून काल्पनिक प्रश्नाला अर्थ नसतो, तसे चार उत्तरकर्ते जोतीरावांनी एका छपराखाली कल्पिले, आणि त्यांत आई आणि मुलगी यांची निवड बाप आणि मुलगा यांच्या निवडीच्या बरोबरीने धरली.

सॉक्रेटिस या सभागृहात असता, तर तो इथेच थांबला नसता. त्या घरात मुलीचे लग्न ठरले, तर ते कोणत्या रीतीने लावायचे, आणि ते कोणी ठरवायचे? बाप वारला, तर त्याला मूठमाती कोणत्या प्रार्थनेने द्यायची, आणि बायकोने त्या वेळी काय म्हणायचे? चौघांपैकी एकाने उद्या मत बदलले, तर बाकीच्या तिघांनी त्याला जेवायला वाढायचे की नाही? धोंडीबा असता, तर त्याने हे प्रश्न निश्चित विचारले असते, आणि या वेळी उत्तर निरोपाने आणण्यासाठी त्याला कोणाच्या दारात जावे लागले नसते; ते घर कल्याणच्या या पट्ट्यातील कोणत्याही चाळीत कल्पिता येते, आणि त्याच्या उंबऱ्याशी उभे राहून त्याला आतल्या माणसांनाच विचारता आले असते.